थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीचा मेकॅनिकलचा डिप्लोमा या वर्षी पूर्ण होतोय. तिला कॉम्प्युटरला थेट दुसऱ्या वर्षात जायचं आहे. शाखा बदलता येते का? सीईटी द्यावी लागेल का?
— पालक, इचलकरंजी

शाखा बदलता येते आणि सीईटी द्यावी लागत नाही. डिप्लोमाला किमान ४५ टक्के गुण हवेत. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गासाठी ही अट ४० टक्के आहे. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवरूनच लागते. मार्कशीटवर टक्क्यांऐवजी सीजीपीए (सगळ्या सत्रांच्या ग्रेडची सरासरी) असेल तर हिशेब स्वतः करून भरू नका, संस्थेकडून रूपांतराचं पत्र घ्या.

अर्ज सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरायचा. पसंतीक्रम भरताना एक गोष्ट नीट पाहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून 'मिळेल तर बघू' अशा विचारानं कुठलंही कॉलेज पहिल्या नंबरला टाकू नका.

खरी धावपळ कागदांची असते. नॉन-क्रीमीलेअर दाखला प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. गेल्या वर्षीचा चालत नाही. जातपडताळणी झालेली नसेल तर समितीकडं अर्ज आत्ताच करा, कारण निकालानंतर सगळ्यांची एकदमच गर्दी होते. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार या तिन्हींवरचं नाव आजच शेजारी ठेवून ताडून बघा. आडनावातला एक फरकसुद्धा ऐनवेळी सेतू केंद्राच्या चकरा मारायला लावतो.

आणि गणित! डिप्लोमाहून आलेली मुलं अडखळतात ती बहुतेक याच ठिकाणी. वर्ग सुरू झाल्यावर प्रवेश होतो, तोवर मॅथ्स-३ मध्ये उच्च ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स संपून लाप्लास ट्रान्सफॉर्म सुरू झालेलं असतं. हाताशी असलेल्या सुट्टीत इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स आणि पार्शल डिफरन्सिएशन एवढं पक्कं करून घ्या. पार्शल फ्रॅक्शन्स येत नसतील तर इन्व्हर्स लाप्लासचं निम्मं गणित तिथंच अडतं. तिला कॉम्प्युटरला जायचं असल्यानं सी भाषेतले पॉइंटर्स आणि स्ट्रक्चर्सही करायला सांगा. डेटा स्ट्रक्चर्सचा विषय त्यांच्यावरच उभा आहे.

प्रश्न : बी.एस्सी. फिजिक्स झालंय. मलाही हाच मार्ग खुला आहे का?
— वाचक, गडहिंग्लज

आहे. पदवीला ४५ टक्के (राखीव प्रवर्ग ४०) आणि बारावीला गणित असायला हवं. मात्र थेट दुसऱ्या वर्षासाठीच्या जागांवर डिप्लोमावाल्यांचा हक्क आधी, उरलेल्यांवर तुमचा. शिवाय दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हे दोन विषय पास व्हावे लागतात. मेकॅनिक्स तुम्हाला जमेल, फक्त फ्री बॉडी डायग्राममध्ये (वस्तू सुटी काढून तिच्यावरची बलं दाखवणाऱ्या आकृतीत) आधाराच्या प्रतिक्रिया विसरू नका. ड्रॉइंगला मात्र हात बसायला वेळ लागतो. फर्स्ट अँगल या ड्रॉइंगच्या पद्धतीत टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो. हे डोक्यात बसलं नाही तर अख्खं शीट चुकतं.

प्रश्न : मुलगा पुण्यात पहिल्या वर्षाला टीएफडब्ल्यूएसमधून (शिक्षण शुल्कमाफीच्या योजनेतून) शिकतोय. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरच्या कॉलेजात बदली मिळेल का?
— पालक, कागल

टीएफडब्ल्यूएसच्या जागेवरच्या विद्यार्थ्याला कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. शिक्षण शुल्कमाफीची ती अटच आहे, आणि कुठल्याही शिफारशीनं ती सैल होत नाही.

मुलगा सर्वसाधारण जागेवर असता तर नव्या कॉलेजात रिकामी जागा, दोन्ही कॉलेजांची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि विद्यापीठाची मान्यता, एवढं लागलं असतं. त्यातही विद्यापीठ बदललं तर मायग्रेशन सर्टिफिकेट हवं. कोल्हापूर परिसरात काही कॉलेजं शिवाजी विद्यापीठाशी, काही लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेजांचा अभ्यासक्रम पुन्हा आपापला. जे विषय जुळत नाहीत ते नव्यानं द्यावे लागतात. म्हणून दुसऱ्या कुणाला बदली करायची असेल, तर फी भरण्याआधी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम घेऊन विभागप्रमुखांना भेटा आणि कोणते विषय द्यावे लागतील ते लेखी घ्या.