जुन्या पोर्श ९११ ची चावी स्टेअरिंगच्या डावीकडे का?

याचा धागा फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीशी जोडतात. तिथे १९६९ पर्यंत ड्रायव्हर पळत येऊन गाडीत बसायचे. स्टेअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत डाव्या हाताने चावी फिरवली की उजवा गिअरला मोकळा! मला ही रचना मनापासून आवडते. १९६१ च्या जग्वार ई-टाइपमधली ओळीने लावलेली टॉगल (बाहेर डोकावणारी, वर-खाली करायची) बटणंही देखणी, पण अमेरिकेच्या सुरक्षा नियमांपायी १९६८ च्या सुमारास ती चपटी झाली.

आपल्याकडेही असं होतंच की. वडिलांच्या अ‍ॅम्बेसेडरचा डिपर, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली करायचं बटण, क्लचशेजारी, पायाशी. रात्री सोलापूरहून पुण्याला निघालो की मोहोळच्या अलीकडे समोरून ट्रक यायचा, त्यांचा डावा पाय आपोआप सरकायचा आणि खालून ‘टक्’ असा आवाज. दोन्ही हात स्टेअरिंगवरच. आजच्या टचस्क्रीनपेक्षा मला तेच बरं वाटतं.