तारीख कुणी टाकली, ते आधी लिहू द्या

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये उमेदवारी करते आहे. ज्याच्याकडून कंपनीला पैसे येणं आहे त्या येणेदाराचा, बाकी कबूल करणारा ई-मेल 14 तारखेला आला. ऑडिट अहवालावर सही 9 तारखेलाच झाली होती. सिनियरने मात्र वर्किंग पेपरवर, म्हणजे तपासणीच्या नोंदीच्या कागदावर, ई-मेल आल्याची 7 तारीख टाकायला सांगितली. त्यात मॅनेजिंग पार्टनरपदासाठी, म्हणजे फर्मच्या प्रमुखपदासाठी, दोन पार्टनरांत रस्सीखेच चालू आहे, आणि त्यांपैकी या कामाशी संबंध नसलेले पार्टनर तिला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तू फक्त लिहून दे, पुढचं मी बघतो." तुम्ही विचारता, तिने गप्प बसावं, लिहून द्यावं, की हे क्षेत्रच सोडावं?

क्षेत्र सोडायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. जिला ही तारीख खुपली, तिची या कामाला गरज आहे.

हा किरकोळ कारकुनी घोळ आहे, असं कुणी सांगितलं तर मानू नका. सही करताना पुरावा हातात असायला हवा. 7 तारीख टाकली म्हणजे नसलेला पुरावा होता असं दाखवलं. उशिरा आलेला कागद फाईलला लावता येतो, पण तो कधी आला, कुणी पाहिला, का लावला हे खरं नोंदवून. अहवालानंतर साधारण 60 दिवसांत फाईल बंद करायची असते. तोवर बोललं तर दुरुस्ती सोपी जाते.

आता केबिनमधला निरोप. ताई, तिथे तिने काहीही लिहून देऊ नये. त्या पार्टनरांचा हेतू चांगलाही असेल, पण तो कागद त्यांच्या हाती गेला की ते पदाच्या लढाईतलं हत्यार होतं. उद्या दोघांचं जुळलं तर कागद कपाटात जाईल आणि तिचं नाव मात्र दोघांच्याही लक्षात राहील. अर्थात, तक्रारीचा फायदा कुणाला होतो यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. म्हणूनच तक्रार अशा वाटेने जावी जिथे हे दोघंही मध्ये नसतील. ऑडिट फर्मच्या कामाच्या दर्जासाठीच्या आयएसक्यूएम 1 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे फर्ममध्ये तक्रारी घेण्याची आणि तपासण्याची व्यवस्था असावीच लागते. तिच्या फर्मची हॉटलाइन किंवा एथिक्सचं काम पाहणारी व्यक्ती कोण, हे तिने शोधावं.

अशी वाट चालते का? 2017 मध्ये अमेरिकेत केपीएमजी या मोठ्या ऑडिट फर्मच्या काही वरिष्ठांनी, नियामक कोणती ऑडिट्स तपासणार याची गुप्त माहिती आधीच मिळवली होती. ही माहिती एका महिला पार्टनरपर्यंत पोहोचली, पण ती वापरण्याऐवजी त्या पार्टनरने फर्मला कळवलं. पाच पार्टनरांना जावं लागलं, त्यात ऑडिट विभागाचे प्रमुखही होते. 2019 मध्ये फर्मला 5 कोटी डॉलर दंड झाला.

पण याची किंमतही तुमच्यापासून लपवणार नाही. दुबईत ईवाय या दुसऱ्या मोठ्या ऑडिट फर्मचे पार्टनर अमजद रिहान यांनी 2013 च्या सुमारास एका सोने शुद्धीकरण कंपनीच्या तपासणीत, मोरोक्कोहून चांदीचा थर चढवून आणलेल्या सोन्याच्या लगडींचा प्रश्न लावून धरला. नोकरी गेली. लंडनच्या उच्च न्यायालयाने 1 कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली, ती 2020 मध्ये. मधली वर्षं त्यांनी कशी काढली असतील, याचा विचार मी नेहमी करते. तुमच्या मुलीचं प्रकरण एवढं मोठं नाही, पण सिनियर अबोला धरतील, चांगली कामं दुसऱ्याला जातील, याची तयारी ठेवा. घरी तिला "कशाला पडलीस या भानगडीत" असं ऐकावं लागू नये.

आणि तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: ती 7 तारीख तिनेच टाइप केली. मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. तक्रारीत तिने हे पहिल्याच ओळीत लिहावं. दुसऱ्याने शोधून काढलं तर ती या लबाडीत सामील ठरेल. तिने आधी सांगितलं तर साक्षीदार राहील.

आज रात्रीच तिला एक टिपण लिहू द्या. कोणत्या दिवशी, कुणी, कोणत्या शब्दांत सांगितलं, तिने काय केलं, एवढंच. अंदाज नकोत, पार्टनरांच्या भांडणाचा उल्लेखही नको. ग्राहकाचे कागद घरी आणू नयेत, फोटो काढू नयेत. गोपनीयतेचा भंग झाला तर चौकशी उलट तिचीच होईल. फाईलचा क्रमांक पुरेसा आहे.

टिपण झालं की पुढचं पत्र तिने स्वतः मला लिहावं. टिपण तक्रार म्हणून पाठवायचं की नाही, हे तिलाच ठरवू द्या.