आंब्याखाली मंडूकपर्णी: युरिया नको, फोरेट तर नकोच

प्रश्न (मुलुंड, सोसायटीची बाग): आंब्याखाली लॉन टिकत नाही म्हणून झाडाच्या कडेने एप्रिलमध्ये मंडूकपर्णी (जमिनीवर पसरणारी औषधी वनस्पती) लावली. पानांच्या कडा करपल्या, वाढ थांबली. दुकानदाराने युरिया आणि फोरेट या विषारी कीटकनाशकाचे दाणे टाकायला सांगितले. टाकू का? अनुदान मिळेल का?

उत्तर: दोन्ही टाकू नका. दुकानदाराने तुमची बाग पाहिलेली नाही. पानं खताअभावी नव्हे, दुपारच्या उन्हाने करपली आहेत. या वनस्पतीला अर्धी सावली आणि ओल लागते. एप्रिल ही लागवडीची वेळच नव्हे. करपलेल्या रोपावर युरिया पडला की उरलेली मुळंही जळतात. मूठभर नको आणि चमचाभरही नको.

फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना साठा कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका. ही पानं चटणीत जातात आणि त्या वाफ्यात मुलं खेळतात.

एक फांदी उचलून पेर बघा. तिथे पांढरी मुळं दिसली तर रोप जिवंत आहे. करपलेली पानं खुडा, सकाळी पाणी द्या आणि थांबा. जूनमध्ये पाऊस नीट लागला की त्याच फांद्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर लावा. पेर मातीत दाबा, पान वर ठेवा. नवी रोपं विकत घ्यायची गरज नाही.

त्याआधी वरची वीतभर माती चाळा. आपल्या सोसायट्यांच्या वाफ्यांत डेब्रिजच जास्त निघतं. खत एकच: आंब्याचा कुजलेला पाला. मी सगळ्यांना हेच सांगतो. तो पाला कचरागाडीत देऊन बाहेरून खताची पोती आणणं बंद करा. कुजलेला पाला बोटभर जाड पसरा, ओल टिकते आणि तणही दबतं.

अनुदान: औषधी वनस्पतींच्या लागवडीची अनुदानं मुख्यतः शेतजमिनीसाठी असतात, सोसायटीच्या बागेला मिळेल असं धरून चालू नका.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी येतील आणि दुकानदार मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारणाऱ्या विषाच्या गोळ्या देईल. घेऊ नका, त्या खाऊन कुत्री-मांजरं मरतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याजवळ अंथरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी वाफ्यात ओतू नका. आणि वेचताना हातमोजे घाला, उघड्या हाताने गोगलगाय धरायची नाही.