बेळगावच्या गोल्फ मैदानावर सदस्य नसलेल्या पाहुण्याला जाता येते का?

लग्नासाठी बेळगावात येणाऱ्यांनी किल्ला पाहून झाल्यावर गोल्फ मैदानही पाहता येईल का, असे विचारले आहे. क्लबची मैदाने साधारणपणे सदस्यांसाठी असतात. त्यामुळे एखाद्या सदस्याचा पाहुणा म्हणून जाणे किंवा कार्यालयात आधी दूरध्वनी करून परवानगी व शुल्क विचारून घेणे, हाच सरळ मार्ग आहे. कॉलरचा टी-शर्ट आणि सपाट तळाचे बूट घालावेत, कारण ग्रीनवरचे, म्हणजे छिद्राभोवतालच्या हिरवळीवरचे, गवत इतके बारीक कापलेले असते की टाचेची खूणही चेंडूची वाट बदलते. कोणी फटका मारत असताना त्याच्या मागे सरळ रेषेत उभे राहू नये, आणि ‘फोर’ अशी, म्हणजे चेंडू तुमच्याकडे येत असल्याच्या इशाऱ्याची, आरोळी ऐकू आली की वर न पाहता डोके झाकावे. जून ते सप्टेंबरमध्ये तांबडी माती फार निसरडी होते, म्हणून हिवाळा उत्तम. ऑगस्ट 2022 मध्ये याच मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसल्याने आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती, तेव्हा झाडीत गेलेला चेंडू शोधण्याचा हट्ट नसलेलाच बरा. किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती (जैन मंदिर) मात्र सकाळीच पाहून घ्यावी. तो परिसर लष्करी असल्याने छायाचित्रे विचारूनच काढावीत.