हृदय हा निव्वळ पंप आहे का?

हृदय हा निव्वळ पंप असून भावनांशी त्याचे नाते कवींनी जोडले, हे खरे का, असे आपण विचारले आहे. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने चार वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागाच्या दाराशी मला ऐकवले होते, म्हणून लिहायला बसले. पंप आहे हे खरे. ‘निव्वळ’ हा शब्द चुकीचा आहे.

आई तेव्हा ६८ वर्षांची होती. त्या दुपारी ती मोड आलेले वाल सोलत बसली असताना दादाने तिला सांगितले, की गावच्या घराच्या विक्रीचे साठेखत मागच्याच आठवड्यात झाले. कुलमुखत्यारपत्र त्याच्याकडे असल्यामुळे तिला विचारण्याची कायद्याने गरज नव्हती, आणि एरवीही ती त्याला वाटली नसावी. आई काहीच बोलली नाही. ती वाल सोलतच राहिली. फक्त डाळिंब्या सालांच्या ताटात आणि साले पातेल्यात पडू लागली. तासाभरात तिच्या छातीत व जबड्यात कळा येऊ लागल्या आणि दरदरून घाम सुटला.

ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखा आला, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर पाझरणारे प्रथिन, वाढलेले निघाले, म्हणून तातडीने अँजिओग्राफी झाली, तर सगळ्या रक्तवाहिन्या मोकळ्या! ‘म्हणजे काही झालेलेच नाही,’ असे दादाने जाहीर केले. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचे टोक आकुंचन न पावता फुगून राहिलेले दिसत होते आणि त्याच्या वरचा भाग जोराने आवळला जात होता. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे अरुंद गळ्याचा गडू काढून दाखवला. जपानी कोळी ऑक्टोपस पकडण्यासाठी अशाच आकाराचे मडके वापरतात; त्याचे ‘ताकोत्सुबो’ हे नाव तिथल्या डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास या आजाराला दिले. जबर धक्क्याने अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो, असे मानले जाते. बहुसंख्य रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया असतात. आईचे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यातले जेवढे रक्त दर ठोक्याला बाहेर ढकलले जाते ते प्रमाण, ३० टक्क्यांवर आले होते. दीड महिन्याने ते ५८ झाले.

दादाच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की भावना हृदयात उपजत नाहीत. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाचे मज्जातंतू तोडलेले असतात, त्यामुळे माणूस दचकला तरी ते लगेच धडधडत नाही, रक्तातून अ‍ॅड्रेनलिन पोहोचल्यावर मागाहून वेग घेते. माया आणि राग मात्र त्या माणसाचे स्वतःचेच राहतात.

एक खुलासा करायला हवा. छातीत दुखू लागल्यावर ‘मनाला लागले असेल’ म्हणून कोणाला घरी बसवून ठेवू नये. सुरुवातीला हृदयविकाराचा झटका आणि ताकोत्सुबो सारखेच दिसतात आणि ताकोत्सुबोनेही काही रुग्ण दगावतात. शिवाय हा आजार आनंदाच्या धक्क्याने, शस्त्रक्रियेनंतर, कित्येकदा उघड कारणाविनाही होतो, त्यामुळे तो साठेखतामुळेच झाला हे मला कोर्टात सिद्ध करता येणार नाही.

तरीही घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या नावावर काही असेल, तर सही करण्यापूर्वी तिला विचारावे, आणि ते राहून गेलेच तर निदान मोकळ्या रक्तवाहिन्यांची सीडी नातेवाइकांना दाखवत फिरू नये. दादाने ती त्या दिवाळीत सर्वांना दाखवली. एकोचे दोन्ही रिपोर्ट माझ्या कपाटात आहेत. ते त्याने अजून मागितलेले नाहीत.