एक्सेलमधून बाहेर पड

बेडकांची यादी एक्सेलमध्ये ठेवली आहेस, सुरुवातीला ठीक आहे. पण आपला मोठा बेडूकच घे: आधी राना टायगेरिना, आता हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. प्रजाती (जीनस) बदलली, जातिनामाचा शेवट बदलला, नाव देणारा दॉदँ कंसात गेला. जुनं खोडून नवं लिहिलंस की इतिहास पुसला.

टॅक्सनवर्क्स बघ, जीवांची शास्त्रीय नावं आणि वर्गीकरण सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते मूळ नाव, नव्या प्रजातीशी झालेली पुढची जोडणी आणि प्रत्यक्ष प्राण्याबद्दलची तुझी धारणा वेगवेगळ्या नोंदींत ठेवतं. हे आधी डोकं खातं, पण समानार्थी नावं वाढली की त्याची किंमत कळते. जगभरच्या नाकतोड्यांची ऑर्थोप्टेरा स्पीशीज फाइल ही नावांची सूची त्यावरच चालते.

ब्राउझरमध्ये चालत असल्याने सहकारी त्याच नोंदीवर काम करतात. 'फायनल-नवीन-२' नावाच्या फाइली ईमेलवर फिरत नाहीत. कोड खुला आहे, म्हणून सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या इलिनॉयच्या गटाचा निधी आटला तरी दुसरी संस्था आपल्या सर्व्हरवर ते चालवू शकेल. डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात माहिती काढून जीबिफ या जागतिक माहितीसाठ्यालाही देता येते.

नुसता नमुन्यांचा संग्रह असेल तर संग्रहांच्या नोंदी ठेवणारं स्पेसिफाय हे सॉफ्टवेअर बघ. कुठेही जा, आधी लेखक, वर्ष आणि अक्षांश-रेखांश वेगळ्या रकान्यांत कर. थोड्याच ओळी चढवून तपास, मग बाकीच्या.