मंडळाच्या वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या ऐन मिरवणुकीत का बसतात, आणि वॉकी तोंडाजवळ धरणं सेफ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मंडळाचे आठ वॉकी आहेत, तीन वर्षांपूर्वी घेतलेले, नवे होते तेव्हा दिवसभर चालायचे आणि आता विसर्जनाला दुपारी निघालं की दिवेलागणीलाच मान टाकतात, दोन बॅटऱ्या फुगल्यात, त्यात कमिटीतल्या एका काकांना पेसमेकर बसवलाय आणि घरचे म्हणतात ते डबडं डोक्याला लावून फिरू नका. 

मी परळचा. आमच्या मंडळाचे वॉकी बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहेत आणि पोटापाण्यासाठी पण इव्हेंटची कामं करतो, म्हणजे कंबरेला हे वर्षभर लटकलेलंच असतं. इंजिनियर वगैरे नाही, जे वापरून आणि बॅटऱ्या मारून शिकलो ते सांगतो.

आधी मलाच एक सांगा, गणपती गेल्यावर सेट, म्हणजे वॉकी, ठेवता कुठे? मी पैज लावतो की पत्र्याच्या पेटीत, पोटमाळ्यावर, लाइटच्या माळा आणि झांजांबरोबर, आणि बॅटरी सेटला लावलेलीच, कारण विसर्जन करून पहाटे परत आल्यावर शुद्ध कोणाला असते. आमचंही हेच व्हायचं. तुमच्या बॅटऱ्या मिरवणुकीत मरत नाहीयेत, त्या उरलेल्या साडेअकरा महिन्यांत पेटीत मरतात, मिरवणुकीत तुम्हाला ते फक्त कळतं.

होतं काय, हल्लीच्या वॉकीत लिथियम आयन बॅटरी असते, बहुतेक सेटमधे आत दोन सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्ट म्हणून लेबलवर ७.४ लिहिलेलं असतं. फुल चार्ज झाला की एक सेल ४.२ ला जातो आणि वापरून वापरून ३ च्या आसपास आला की रिकामा समजायचा. विसर्जनाला सेट मरेपर्यंत वापरायचा आणि तसाच पेटीत टाकायचा, म्हणजे सेल आधीच तळाला आहे, त्यात बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत असते आणि बऱ्याच सेटमधे बटण बंद असलं तरी बारीकसा करंट जातच राहतो. एकदा सेल अडीच व्होल्टच्या खाली जाऊन महिनोन्महिने पडून राहिला की आतलं रसायन बिघडतं आणि ते परत येत नाही. मग पुढच्या वर्षी चार्जरला लावली की एकतर लाल लाइट नुसता लुकलुकतो, नाहीतर चार्ज झाल्यासारखं दाखवते आणि दोन तासात आडवी. त्यातून पत्र्याखालचा मे महिना, तो वेगळाच.

उलट टोकाचे पण लोक असतात, फुल चार्ज करून ठेवू म्हणजे पुढच्या वर्षी रेडी. तेही नको. फुल भरलेली बॅटरी गरमीत पडून राहिली तर लवकर म्हातारी होते. साधारण अर्धी भरलेली असताना, सेटमधून काढून, कोणाच्यातरी घरात कपाटात सावलीला ठेवायची, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघायचं, खाली गेली असेल तर थोडं चार्ज करून परत अर्ध्यावर आणून ठेवायची. आम्ही तारखा धरल्यात, विसर्जनानंतरचा रविवार, मग माघी गणपती, मग मे महिन्यात एकदा. हे सुरू केल्यापासून एक बॅच चार वर्षं निघाली, त्याआधी दीड-दोन वर्षांत नवीन घ्यावी लागायची. तशी चांगल्या बॅटरीची पण साधारण ३०० ते ५०० चार्जिंगनंतर ताकद कमी होतेच, पण मंडळाच्या वापरात तेवढी चार्जिंग होतात कुठे.

मंडळात एक तरी दादा असा असतो की जो म्हणतो पूर्ण उतरवल्याशिवाय चार्जला लावू नका, बॅटरीला सवय लागते. दादांचं चूक नाही, त्यांच्या काळात निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांना ती खोड होती. लिथियमला नाही. तिला अर्ध्यात चार्जला लावलेलं चालतं, उलट आवडतंच. लेबलवर काय लिहिलंय ते एकदा वाचा म्हणजे वाद मिटेल.

आता दिवेलागणीला मान का टाकते ते. कंपनी जे १५-१६ तास लिहिते तो हिशोब असा असतो की शंभरातला ५ टक्के वेळ तुम्ही बोलताय, ५ टक्के ऐकताय आणि ९० टक्के सेट नुसता गप्प. सोसायटीच्या वॉचमनला हे जमतं, मिरवणुकीत कसं जमणार. ढोबळ आकडे घ्या, ५ वॅटचा सेट बटण दाबून बोलताना दीड अँपियर ओढतो, मोठ्या आवाजात ऐकताना पाव अँपियर आणि गप्प असताना ०.०६ वगैरे. बॅटरी २२०० एमएएचची, म्हणजे २.२ अँपियर तासभर पुरवणारी धरली तर कंपनीच्या हिशोबाने पंधराएक तास येतात, पण तुम्ही २० टक्के वेळ बोललात आणि २० टक्के ऐकलंत तर तीच बॅटरी, अगदी नवीकोरी असली तरी, सहा तासाच्या आत संपते. म्हणजे दुपारी १२ ला निघालात तर संध्याकाळी ६ ला खलास, आणि लालबाग-परळचे मोठे गणपती गिरगाव चौपाटीला पोचता पोचता दुसरी सकाळ उजाडते. त्यामुळे प्रत्येक सेटमागे एक एक्स्ट्रा बॅटरी लागतेच, त्याला पर्याय नाही. 

पण वाचवता पण येते. सेटमधे हाय-लो पॉवर असते, ट्रॉलीच्या पुढचा आणि मागचा माणूस दोनशे मीटरच्या आत असतात त्यांना लो पुरते, हाय फक्त लांबच्या माणसाला. बॅटरी सेव्हर चालू ठेवा. टाइमआउट म्हणून सेटिंग असतं, बटण दाबलेलंच राहिलं तर ते आवाज पाठवणं आपोआप थांबवतं, ते ६० सेकंदाला लावा, कारण एकदा आमच्या एका पोराने वॉकी खिशात असा कोंबला की बटण दाबलेलंच राहिलं आणि चिंचपोकळीच्या पुलापर्यंत आम्ही सगळे त्याच्या खिशातला ताशा ऐकत होतो, कोणाला एक शब्द बोलता येईना, आणि त्याची बॅटरी गेली ती वेगळीच. आणि ओरडू नका. ढोल जोरात आहेत म्हणून माइकमधे ओरडलं तर आवाज मोठा जात नाही, नुसता फाटतो, समोरच्याला कळत नाही, तो परत विचारतो, तुम्ही परत सांगता, म्हणजे डबल बॅटरी. ढोलाकडे पाठ करा, माइक तळहाताने आडोशाला घ्या, बटण दाबून एक सेकंद थांबा आणि नेहमीच्या आवाजात बोला. ते एक सेकंद कोणी थांबत नाही आणि मग "थांबवा" मधला "थां" कापला जाऊन पलीकडे "बवा" जातं.

चार्जिंगचं पटकन सांगतो. त्याच सेटचा चार्जर वापरा, सेट बंद करून लावा, हिरवा झाला की काढा, चार्जरला शोकेससारखं दिवसेंदिवस ठेवू नका. ओला सेट चार्जरमधे घालायचा नाही, आणि उन्हातून आलेली गरम बॅटरी पण लगेच नाही, आधी गार होऊ द्या, साधारण ४० डिग्रीच्या वर चार्जिंग करूच नये आणि मंडपामागे ताडपत्रीखाली दुपारी तेवढं सहज होतं. बॅटरीवर मार्करने नंबर आणि घेतल्याचा महिना लिहून ठेवा, कुठली कुचकी आहे ते आपोआप समजतं. आणि स्वस्तातली डुप्लिकेट घेऊ नका, मी एकदा घेतली, तेवढ्याच डबीत लेबलवर ३८०० लिहिलेलं, ओरिजिनल १८०० च्या निम्मी पण चालली नाही आणि चार्जिंगला इतकी तापली की हात लावू देईना.

एक्स्ट्रा बॅटरी खिशात टाकाल तेव्हा तिच्या उघड्या पत्र्या, म्हणजे करंट जाणारी धातूची टोकं, झाकली पाहिजेत. आमच्याकडे एकाने बॅटरी आणि बाईकच्या चाव्या एकाच खिशात ठेवल्या, चावीने प्लस-मायनस जोडला गेला आणि मांडीला चटका बसून फोड आला. नुसती छोटी झिपवाली प्लास्टिक पिशवी प्रत्येकाला द्या, काम होतं.

पावसाचं. सेटवर आयपी ५४ लिहिलं असेल तर तो शिंतोडे सहन करतो, आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ते गोड्या पाण्याचं, आणि बाजूचं इयरफोनचं रबरी झाकण घट्ट बंद असेल तरच, जे झाकण पहिल्याच वर्षी तुटून लोंबकळत असतं. चौपाटीला पाण्यात उतरणाऱ्यांच्या हातात वॉकी देऊच नका, किनाऱ्यावर एकाकडे जमा करा. खारं पाणी लागलंच तर सेट बंद, बॅटरी काढा, ओल्या फडक्याने मीठ पुसून घ्या, सुकू द्या, आणि पूर्ण सुकेपर्यंत चालू करून बघायची घाई नको. पत्र्यांवर काळपट-हिरवट आलं असेल तर पेन्सिलच्या खोडरबरने हलकं घासा, अर्ध्या वेळा "बॅटरी गेली" म्हणतात तो नुसता गंज असतो.

आता डोक्याचा प्रश्न. वॉकी मोबाइलसारखा कानाला लावायचा नसतो, तुमच्या घरच्यांचं तेवढं बरोबर आहे. तोंडासमोर उभा, ओठांपासून ३-५ सेंटीमीटर, अँटेना चेहऱ्यापासून आणि डोळ्यापासून लांब. यातल्या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत, त्यांचा माहीत असलेला परिणाम म्हणजे उष्णता, आणि त्याही तुम्ही बटण दाबता तेवढाच वेळ ताकदीने निघतात. म्हणून तर मॅन्युअलमधे लिहितात की निम्म्यापेक्षा जास्त वेळ बोलू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना "शक्यता आहे" वाल्या २बी गटात टाकलं हे खरं, त्यात मोबाइल पण आला, पण सिद्ध झालं असा त्याचा अर्थ नाही. अंतर ठेवा आणि कमी बोला, मी एवढंच करतो. कमरेला लावायचं तर कंपनीच्या क्लिपनेच लावा, त्याने अंगापासून थोडं अंतर राहतं. तुटलेल्या अँटेनाचा सेट वापरू नका, बोलताना उघडी तार कातडीला लागली तर चटका बसतो, आणि अँटेना न लावता बटण दाबलं तर सेटच जळू शकतो. अँटेनाला धरून गरगर फिरवणारी पोरं पण आवरा.

काकांचं मात्र सिरियसली घ्या. पेसमेकरपासून ५ वॅटचा सेट कमीत कमी ३० सेंटीमीटर लांब हवा, शर्टाच्या खिशात कधीच नाही, पेसमेकर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट्या हातात धरायचा, आणि एकदा त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. मी तर म्हणेन काकांना वॉकी देऊच नका, एक पोरगा वॉकी घेऊन त्यांच्याबरोबर चालू दे, त्यांचा मान पण राहतो. 

घरचे डोक्याची काळजी करतात पण मला जास्त भीती कानाची वाटते. बाजूला ढोल, म्हणून इयरफोनचा आवाज फुल करतो आपण, आणि आठ-दहा तास तसंच. कानात घालायच्या आधी आवाज कमी करायचा मग हळूहळू वाढवायचा, आणि दर तासा-दोन तासाने कान बदलायचा. माझ्या उजव्या कानात दरवर्षी दोन दिवस शिट्टी वाजायची तेव्हा अक्कल आली.

जनरेटरमधे पेट्रोल-डिझेल भरताना बाजूला उभं राहून बॅटरी बदलू नका, साधा सेट स्फोटक वाफेच्या जागेसाठी बनवलेला नसतो आणि बॅटरी काढताना ठिणगी पडू शकते.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, सेट कुठले आहेत ते बघा. विनालायसन चालणारा वॉकी भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, कमी पॉवरचा आणि ईटीए सर्टिफिकेट (उपकरणाची सरकारी मान्यता) असलेला हवा. ५ वॅटचे जे ऑनलाइन मिळतात त्यातल्या बहुतेकांना डब्ल्यूपीसीचं, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाचं, लायसन लागतं, विकणाऱ्याने लिहिलेलं नसलं तरी. २०२५ मधे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी ऑनलाइन विक्रीवर नियमावली काढली. बंदोबस्तात पोलिसांनी हातातला सेट बघून विचारलं तर अध्यक्षांची पंचाईत नको.

आणि त्या दोन फुगलेल्या बॅटऱ्या, त्यांना आजच वेगळं काढा, चार्जरला "एकदा लावून बघू" करू नका, टोचू नका, दाबून सेटमधे बसवू नका. पत्र्यांवर चिकटपट्टी लावा, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ठेवा आणि ई-वेस्ट घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलीत तर कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन पेट घेते. बाकीच्या सहापैकी कितींचा लाल लाइट लुकलुकतोय आणि सेटचं मॉडेल कुठलं ते लिहा खाली, त्यातल्या काही नुसत्या गंजाच्या निघतील असं वाटतंय.